मार्जिन कुणाच्या खिशातलं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

क्रेडिट विभागात बदली झाली हे बरं झालं. परवा फोनवर तू विचारलंस, तारण भक्कम असेल तर बँक बुडेलच कशी? तुला आइसलँडचं सांगतो.

2008 च्या सुमारास वस्ती जेमतेम तीन-सव्वातीन लाख. तिथल्या सरकारी बँका 1998 ते 2003 मध्ये खासगी झाल्या आणि 2008 पर्यंत ग्लिटनिर, लँड्सबँकी, कौपथिंग या तिघींचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाला. पैसा बहुतेक परदेशातून उसना. बाजारातली उधारी अवघड झाली तशी लँड्सबँकीनं ‘आइससेव्ह’ खाती काढून ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या सामान्य माणसांच्या ठेवी ओढल्या.

पण खरी मेख भांडवलात, म्हणजे बँकेच्या मालकांनी घातलेल्या पैशात होती. आपलेच शेअर घ्यायला बँका कर्ज देत, आणि तारण? तेच शेअर! विहिरीतली बादली विहिरीतच ओतायची आणि पाणी वाढलं म्हणायचं. 2010 च्या चौकशी अहवालात हे सविस्तर आलं आहे. भाव पडला की तारणही गेलं, भांडवलही गेलं.

सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि उसनवारी आटली. तिथल्या केंद्रीय बँकेची परकीय गंगाजळी एवढ्या पसाऱ्यापुढे चिल्लर. 6 ऑक्टोबरला पंतप्रधान गेर हार्दे टीव्हीवर आले, भाषणाच्या शेवटी ‘देव आइसलँडचं भलं करो’ म्हणाले. त्याच आठवड्यात तिन्ही बँका सरकारच्या ताब्यात.

मला मात्र मोटारींची कर्जं विसरवत नाहीत. व्याज कमी म्हणून लोकांनी ती येन आणि स्विस फ्रँकच्या हिशेबात घेतलेली, पगार मात्र क्रोनात, म्हणजे तिथल्या चलनात. क्रोना निम्म्यावर आला. गाडी तीच, कर्ज दुप्पट. पुढे न्यायालयानं अशी कर्जं बेकायदा ठरवली, पण 2010 मध्ये. दरम्यान लोकांनी संसदेसमोर भांडी बडवली, जानेवारी 2009 मध्ये सरकार पडलं. परकीय चलनावरचे निर्बंध 2017 पर्यंत राहिले. बडे बँकवाले तुरुंगातही गेले. हे आपल्याकडे सांगितलं की लोक हसतात.

माझ्या शाखेतही एका पार्टीचं मार्जिन, म्हणजे कर्जदारानं स्वतःच्या खिशातून घालायचा हिस्सा, तिच्याच भावाच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जखात्यातून आलं होतं. म्हणजे आमच्याच बँकेचे पैसे. खातं एनपीए झालं, म्हणजे कर्ज थकलं, तेव्हा कळलं. प्रपोजलवर सही माझी होती.

तुझ्या टेबलावरच्या प्रपोजलमध्ये मार्जिन पूर्ण भरलंय म्हणतोस ना? ते कुठल्या खात्यातून आलं, त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आधी मागव. मॅनेजर म्हणतील, मार्चएंड आहे. म्हणू देत.

तुझा,
काका