गोव्यात चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या फळा-भाज्यांच्या माटोळीला बांधतो ती तवशी, चिबूड, दुधी, भोपळा ही मूळ आपल्याकडचीच का?

सगळी नाहीत. तवसं आपलंच, काकडीची रानटी, कडू जात हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवते. चिबूड हा खरबुजाचा भाऊ, आणि खरबुजाची लागवड भारतात आणि आफ्रिकेत स्वतंत्रपणे सुरू झाली. दुधी मात्र आफ्रिकेचा. वाळला की त्याचं पाण्याचं भांडं होतं, म्हणूनही माणसाने तो जपला.

लाल भोपळ्याचं कूळ अमेरिकेतलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत याच कुळातल्या, लागवड केलेल्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या. म्हणजे आपल्या खतखत्यात, म्हणजे अनेक भाज्यांच्या रस्स्यात, तो पोर्तुगीज आल्यानंतरच पडला. त्याआधी कोहळ्यावर भागत असावं, असं मला वाटतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते वेगळंच. या रानटी फळांचा गर इतका कडू असे की माणूस आधी बियाच खाई. लिबियात कलिंगडाच्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या, त्यांवर माणसाच्या दातांच्या खुणा आहेत. गोव्यातल्या पर्रा गावच्या कलिंगडासारखा गोड, लाल गर नंतरचा. कमी कडू फळांचं बी पिढ्यान्‌पिढ्या राखून शेतकऱ्यांनी तो घडवला.