कामगार कायदा आवडतो, पण सरकारी नोकरी कोणती?

प्रश्न: मी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहे. मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला कामगार कायद्यात सरकारी वकील व्हायचंय आणि मालक-कामगारांचे तंटे बोलणीने मिटवायचेत. नातेवाईक म्हणतात, यात काही नाही, जज्जची परीक्षा दे. काय करावं?
– एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नमस्कार. तिला अडवू नका. फक्त एक समजून घ्या, ती दोन वेगळ्या कामांना एकच समजते आहे. सरकारी वकील कोर्टात सरकारची बाजू मांडतो. तंटा मिटवायला बसतो तो समेट अधिकारी, आणि त्या बैठकीत कुठल्याच पक्षाला आपला वकील उभा करता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही बंदी होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. त्या खोलीत बसायचं तर तिला कामगार खात्यात अधिकारी व्हावं लागेल.

पगारवाढीचे करार तुम्ही जवळून पाहिले असतील. समजा, युनियनने 15 हजार मागितलेत आणि कंपनी 6 हजारांवर अडलीय. अधिकारी दोघांना आधी समोरासमोर बसवतो, मग वेगवेगळं. कंपनीकडे पैसा नाही, की एकदम द्यायचा नाही? वाढ तीन वर्षांत टप्प्याने दिली तर? मागचा फरक कधी मिळणार? अशी घासाघीस चालते. समेटात करार झाला, तर तो युनियनबाहेरच्या आणि उद्या कामाला लागणाऱ्या कामगारालाही बांधतो. आपसातला करार मात्र तो करणाऱ्या पक्षांपुरताच. म्हणून त्या खुर्चीत कायदा पक्का असलेलं माणूस हवं.

या खुर्चीला निकाल देण्याचा अधिकार नाही, हेही तिला सांगा. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा कायद्याने बोलणीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनकडे होता आणि कामगार मात्र दुसरे कामगार नेते दत्ता सामंत यांच्या मागे होते. टेबलावर कोण बसणार हेच चुकलं, तर कितीही कुशल अधिकारी काय करणार? टेबलावर कोणी बसायचं हे ठरवणं हे कायदा आणि धोरणाचं काम. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेत 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क आहे. हे कलम तिने मुळातून वाचावं.

राज्यात सरकारी कामगार अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त ही पदं एमपीएससीतून भरतात. रेल्वे, बँका, खाणी, बंदरं केंद्राकडे येतात. तिथल्या सहायक कामगार आयुक्तासाठी यूपीएससी. जागा थोड्या असतात आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे नुसत्या परीक्षेवर तिला बसवून ठेवू नका.

वकिलीची सनद घेऊन तिने कामगार न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करावी, शक्यतो कामगारांची बाजू लढवणाऱ्याकडे. नातेवाइकांचाही मान राहील, कारण मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागतेच. पुढे शिकायचं असेल तर परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची सरकारी श्रम विज्ञान संस्था आहे.

तोवर एक करा. युनियनकडून तुमच्या कारखान्याचे मागचे दोन करार आणि त्याआधीची मागणीपत्रं मागून घ्या आणि तिच्यासमोर ठेवा. कुठल्या मागणीवर कोण किती मागे सरकलं, ते तिने ओळीओळीने शोधावं आणि तुम्ही शेजारी बसून त्या वेळी काय घडलं ते सांगावं.