पोर्ट ब्लेअर ते अगत्ती : विमानाला किती वेळ?

प्रश्न : माझी लेक नोकरीसाठी पोर्ट ब्लेअरला असते. जावयांची यंदा लक्षद्वीपला, अगत्ती बेटावर बदली झाली. दोन्हीकडे विमानतळ आहे, मग थेट विमान का नाही? अंतर तरी किती? आणि नात विचारते, आमच्याकडे अंधार पडला तरी फोनवर बाबांकडे ऊन कसं दिसतं?
– एक वाचक, भगूर

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि आधी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. नाशिकच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण ही दोन बेटं दोऱ्याने कधी जोडून पाहिली नव्हती. माझा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे दोऱ्याचा १ सेंटीमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. दोरा भरला ५ सेंटीमीटर ३ मिलिमीटर. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब मांडला, तोही जुळला. सरळ अंतर सुमारे २,२४० किलोमीटर.

मोठं जेट विमान हे अंतर सव्वातीन तासांत कापेल. पण ते अगत्तीला उतरणार कुठे? बेट जेमतेम साडेसात किलोमीटर लांब. दक्षिण टोकाला धावपट्टी, तीही सुमारे १,२०० मीटरची, आणि दोन्ही अंगांना समुद्र. तिथे एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानंच उतरतात, आणि भरलेलं एटीआर एका दमात साधारण दीड हजार किलोमीटरच जातं. शिवाय या दोन बेटांमध्ये रोज ये-जा करणारी माणसं असतील तरी किती? तुमच्या घरासारखी घरं थोडीच.

म्हणून वाट चेन्नई आणि कोचीवरून. पहिला टप्पा १,३७० किलोमीटर, दुसरा ५२० च्या आसपास, शेवटचा ४६०. बेरीज करून पाहा, २,३५०! सरळ रेषेपेक्षा शंभरेक किलोमीटरच जास्त. हवेतला वेळही पाच-साडेपाच तासांचा. बाकीचा सगळा वेळ जातो तो पुढच्या विमानाची वाट बघण्यात. त्यामुळे लेकीला सांगा, कोचीत एक रात्र मुक्काम धरूनच तिकिटं काढ. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, तो आधी हातात हवा. पावसाळा टाळलेला बरा.

तुम्ही भगूरच्या, म्हणून एक आवर्जून सांगतो. लेक ज्या विमानतळावरून निघेल त्याला तुमच्याच गावच्या सावरकरांचं नाव आहे. १९११ साली त्यांना अंदमानला नेलं ते जहाजाने.

आता नातीचा प्रश्न, जो मला सगळ्यांत आवडला. दोन्ही बेटं ११ अक्षांशाच्या आसपास, पण रेखांशात साडेवीस अंशांचा फरक. एका अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो, म्हणजे ८२ मिनिटं. घड्याळ दोघांचं एकच, भारतीय. सूर्य मात्र तिच्याकडे आधी मावळतो आणि सुमारे सव्वा तासाने बाबांकडे. अगत्ती आपल्या नाशिकच्या जवळजवळ सरळ खाली, किंचित पश्चिमेला आहे. तेव्हा तिला म्हणावं, दिवेलागणीला फोन कर, बाबांकडे आणि आजीकडे, दोन्हीकडे ऊन दिसेल.