विचारा, सांगतो : ज्वालामुखी फुटतो कशाने?

प्रश्न : माझ्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरून ज्वालामुखी केला होता. ‘खरा ज्वालामुखी कशाने फुटतो?’ असं परीक्षकांनी विचारलं. ती म्हणाली, ‘पृथ्वीच्या पोटात लाव्हारस भरलाय, तो उतू जातो.’ परीक्षक हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. बरोबर उत्तर काय?
– एक पालक

उत्तर : परीक्षकांनी हसून पुढे जायला नको होतं. भूशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आणि हेच उत्तर मला पदवीच्या वर्गातही मिळायचं. तेव्हा मुलीला म्हणावं, ओशाळू नकोस.

आपल्या पायाखाली लाव्हारसाचा समुद्र वगैरे नाही. भूकवचाच्या खाली सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे, ते दगडाचं आहे. रसरशीत तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबाने सरकतंही, पण घट्ट आहे. खाली जाऊन हे कुणी पाहिलेलं नाही. मात्र भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि प्रावरणातून त्या बिनदिक्कत आरपार जातात, एवढा पुरावा मला पुरतो. द्रवरूप आहे तो त्याहून खालचा बाह्य गाभा. तो मुख्यतः लोखंडाचा, आणि ज्वालामुखीशी त्याचा थेट संबंध नाही.

मग खडक वितळतो कशाने? ‘उष्णतेने’ असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण उष्णता तिथे आधीपासूनच असते. वितळू देत नाही तो वरच्या थरांचा दाब. महासागरांच्या तळाशी दोन भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरतात तिथे, किंवा हवाई बेटांसारख्या ठिकाणी खोलवरचा तप्त खडक वर चढतो तिथे हा दाब उतरतो, आणि तापमान अंशानेही न वाढता खडकाचा काही भाग वितळतो. दुसरी तऱ्हा पाण्याची. जपान, इंडोनेशिया, अँडीज या पट्ट्यांत समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्याच्या खाली घुसतो आणि जाताना खनिजांमध्ये बांधलेलं पाणी सोबत नेतो. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि त्याचा द्रवणांक काहीशे अंशांनी खाली आणतं. जगातले बहुतेक भयंकर ज्वालामुखी या पाण्याच्या कृपेने पेटलेले आहेत, असं सांगितलं की वर्गात हमखास चुळबुळ व्हायची.

हा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, भोवतीच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. भूकवचात काही किलोमीटर खोलीवर अडतो, साचतो. बराचसा तिथेच थिजून जातो, बाहेरचं जग त्याला दिसतच नाही.

आता फुटण्याचं. माझ्या टेबलावर प्यूमिसचा एक तुकडा आहे. मुठीएवढा दगड, पण उचलताना हात फसतो, इतका हलका. भिंगातून पाहिलं की जिकडेतिकडे भोकं दिसतात. काही गोल, बरीचशी एकाच दिशेला ताणलेली. भोकांमधल्या भिंती म्हणजे काचेचे पातळ पापुद्रे. पाण्यात टाकला तर तरंगतो, खूप काळ भिजत ठेवला तर हळूहळू बुडतो. यातलं प्रत्येक भोक म्हणजे एकेकाळचा वायूचा बुडबुडा, आणि ज्वालामुखी फुटण्याचं कारण तेच.

खोलवर दाबाखाली शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. शिलारस वर आला, दाब उतरला, की ते वायू बुडबुडे होऊन सुटतात. जमिनीवरच्या दाबाला पाण्याची वाफ झाली तर ती हजारपटीहून जास्त जागा मागते. जागा नसते, म्हणून शिलारसाच्या चिंध्या होऊन राख उडते. मुलीच्या प्रयोगात वायू नव्याने तयार होतो, इथे तो आधीच विरघळलेला असतो. त्यापेक्षा हलवलेली सोडावॉटरची बाटली उघडून दाखवली असती, तर ती खऱ्या ज्वालामुखीच्या बरीच जवळ गेली असती. टेबलक्लॉथचं काय झालं असतं ते सोडा.

हवाईचा पातळ बेसॉल्टी शिलारस वायूला वाट देतो, म्हणून तिथे लाव्हा, म्हणजे बाहेर आलेला शिलारस, बहुधा वाहतो. सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) जास्त असलेला शिलारस चिकट. त्यात वायू कोंडतो आणि मग स्फोट.

हा कोंडमारा सुटायला निमित्त अनेक. खालून ताज्या, तप्त शिलारसाची भर पडते. किंवा साचलेला शिलारस निवत जातो, त्यात स्फटिक धरतात, बहुतेक स्फटिक पाणी सामावून घेत नाहीत, त्यामुळे उरलेल्या रसात वायूची दाटी होते. म्हणजे थंड होता होताही फुटू शकतो! आणि कधी झाकणच निघून जातं. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सची उत्तर बाजू 1980 च्या वसंतात आतल्या शिलारसामुळे रोज दीडदोन मीटर बाहेर फुगत होती. 18 मे रोजी सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी 5.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती अख्खी बाजू घसरली. आतला दाब एका क्षणात उघडा पडला. स्फोट वर जाण्याऐवजी आडवा गेला. 57 माणसं गेली. त्यांत सुमारे दहा किलोमीटरवरून पर्वतावर लक्ष ठेवणारे शास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन होते. शिखर चारशे मीटरने ठेंगणं झालं.

प्रश्न : उद्रेक होणार हे आधी कळतं का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : पुष्कळदा. शिलारस खडक फोडत वर येतो, त्याचे छोटे छोटे भूकंप नोंदले जातात, जमीन फुगते, वायू वाढतात. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोतून 1991 च्या मे महिन्यात बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड दोन आठवड्यांत दिवसाला 500 टनांवरून 5,000 टनांवर गेला आणि मग एकाएकी घसरला. नवख्या माणसाने हुश्श केलं असतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी मात्र ओळखलं की शिलारस वर येण्याची नळी तुंबली असावी. हजारो लोक हलवले गेले आणि 15 जूनला डोंगर फुटला. तरीही शेकडो माणसं दगावली, कारण त्याच दिवशी वादळ आलं आणि पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरं कोसळली.

पण 27 सप्टेंबर 2014 ला जपानच्या ओन्ताके पर्वतावर शिलारस वर आलाच नाही. आत तापलेल्या पाण्याची वाफ झाली आणि भरदुपारी गिर्यारोहकांमध्ये डोंगर फुटला. मृत आणि बेपत्ता मिळून 63. अशा वाफेच्या स्फोटांपुढे उपकरणं आजही तोकडी पडतात.

प्रश्न : विवर काँक्रीटने बुजवलं तर?
– एक स्थापत्य अभियंता

उत्तर : बुजवू नका! तुंबलेल्या नळीने काय होतं ते वर वाचलंतच. लाव्हाच्या प्रवाहाला मात्र आवर घालता येतो, तोही कधीमधी. 1973 साली आइसलंडच्या हेमाएय बेटावर लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला होता. लोकांनी पंप लावून त्याच्यावर महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी मारलं. गावातली शेकडो घरं गेली, बंदर राहिलं.