बँकॉकहून अयुत्थया एका दिवसात होईल का? आई सोबत आहे, नेमकं काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की बँकॉकमध्ये पाच दिवस आहात, सोबत 67 वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे, आणि ‘सकाळी निघून संध्याकाळी परत’ असं अयुत्थयाचं पॅकेज घ्यावं की नाही ते ठरत नाहीये.

सरळच सांगते. एका दिवसात होतं, पण करू नका. एक रात्र तिथे राहा.

मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा एका टूरबरोबर गेले. भर अकराच्या उन्हात बसमधून उतरवलं, प्रत्येक देवळाला अर्धा तास, गाइड छत्री वर धरून पुढे आणि आम्ही सगळे मागे. घरी येऊन फोटो पाहिले तर कुठलं देऊळ कुठलं तेच सांगता येईना. सगळीकडे लाल विटा आणि शिर नसलेले बुद्ध. दुसऱ्या वेळी आईला घेऊन गेले, मुक्कामाला. तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला आम्ही नदी पाहिलीच नव्हती, आणि नदी वगळली तर अयुत्थयामध्ये नुसते अवशेष उरतात.

चाओ फ्राया, पा साक आणि लोप बुरी या तीन नद्यांनी वेढलेलं हे बेट आहे. 1350च्या सुमारास राजा उ थोंगने इथे सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी वसवली आणि ती 417 वर्षं टिकली. समुद्रावरची जहाजं नदीने थेट इथवर यायची. चिनी, जपानी, इराणी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच, सगळे व्यापाराला आले आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वस्त्या बेटाबाहेर, नदीकाठी होत्या. पोर्तुगिजांचं तर आपल्याशीही नातं लागतं. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकलं आणि तिथून आपला दूत अयुत्थयाच्या दरबारी पाठवला. बेटाच्या दक्षिणेला त्यांच्या वस्तीतल्या चर्चचा पाया आजही पाहता येतो.

नदीच या शहराची तटबंदी होती. पावसाळ्यात पाणी चढलं की वेढा घालून बसलेल्या शत्रूला उठून जावं लागे. 1766च्या पावसाळ्यात मात्र बर्मी सैन्य उठलं नाही. उंचवटे धरून, होड्या जमवून ते बसून राहिलं आणि 1767च्या एप्रिलमध्ये शहर पडलं, लुटलं गेलं, जळालं. आपल्याकडे तेव्हा थोरल्या माधवरावांची कारकीर्द चालू होती, इतकी अलीकडची ही गोष्ट आहे. पुढे बँकॉक उभं राहताना इथल्या पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून याच नदीने खाली नेल्या. म्हणजे तुम्ही ज्या बँकॉकमध्ये उतरणार आहात, त्यात थोडं अयुत्थयाही आहे.

आता एक गोष्ट खास मराठी माणसासाठी सांगते, कारण ती मला कुठल्याच गाइडने सांगितली नाही. तिथली नावं परकी वाटतात, पण ती जरा सावकाश म्हणून पाहा. अयुत्थया म्हणजे अयोध्या. ‘जिच्याशी युद्ध करता येत नाही ती’. पहिल्या राजाची पदवी रामाथिबोदी, म्हणजे रामाधिपती. वाट म्हणजे मठ-मंदिर. वाट महाथात म्हणजे ‘महाधातू’, बुद्धाच्या अस्थींचं स्थान. छाई मोंगखोन म्हणजे जयमंगल. छाईवत्थनाराम म्हणजे जयवर्धनाराम. सी सान्फेत म्हणजे श्री सर्वज्ञ. विहान म्हणजे विहार आणि छेदी म्हणजे आपलं चैत्य. कार्ला-भाजे पाहिलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. माझ्या आईला हे सांगितल्यावर ती प्रत्येक पाटीपाशी थांबायला लागली. ‘याचं काय होईल?’ असं विचारायची आणि बऱ्याचदा स्वतःच बरोबर सांगायची.

जायचं कसं? रेल्वेने. अंतर 80 किलोमीटरच्या आसपास आहे, साध्या गाडीला दीड-दोन तास लागतात आणि तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी किरकोळ असतं. खिडक्या उघड्या, डब्यात फिरणारे खाऊवाले, बाहेर भातखाचरं. आईला तो प्रवास देवळांइतकाच आवडला. स्टेशन बेटाच्या पूर्वेला, पा साक नदीच्या पलीकडे आहे. समोरच्या गल्लीतून धक्क्यावर जाऊन होडीने बेटावर जाता येतं. पण सामान असेल आणि गुडघे दुखत असतील तर स्टेशनबाहेरच टुकटुक करा. बेडकाच्या तोंडासारखं पुढचं नाक असलेली टुकटुक ही अयुत्थयाचीच खासियत. ती तासावर ठरवता येते. भाव आधी बोलून घ्या आणि कुठे कुठे थांबायचं ते नकाशावर बोट ठेवून दाखवा. तरुण मंडळी सायकल घेतात, बेट सपाट असल्यामुळे तेही छान. हत्तीवरून फेरी मारायचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणा. तापलेल्या डांबरावरून माणसं वाहणारं ते जनावर पाहून माझ्या तरी पोटात कालवलं.

भर दुपारचं ऊन टाळूनच बाहेर पडा. बेटावरची तीनच देवळं घ्या, जास्त नको.

वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं शिर आहे, फोटोंत तुम्ही ते पाहिलंच असेल. प्रत्यक्षात ते जमिनीलगत आहे. चेहरा शांत, ओठांच्या कडा किंचित वर, आणि गाल-कानांशी मुळं अशी वळलेली की कुणीतरी शाल गुंडाळून दिलीय असं वाटावं. फोटो काढताना बुद्धाच्या शिरापेक्षा आपलं डोकं वर येऊ द्यायचं नसतं, म्हणून सगळे खाली बसतात. आईला बसता येत नसेल तर तिने जरा लांब उभं राहून नुसतं पाहावं, बस. इतर मूर्तींची शिरं का नाहीत? काही 1767च्या लुटीत गेली, पुष्कळशी नंतर चोरांनी विकण्यासाठी तोडली.

त्याच्या शेजारीच वाट रात्चाबूराना. 1424 मध्ये राजा वारला, दोन मोठे मुलगे गादीसाठी हत्तींवर बसून एकमेकांशी लढले आणि दोघेही मेले. गादीवर आला तो तिसरा. भावांना जिथे अग्नी दिला तिथे त्याने हे देऊळ बांधलं आणि मधल्या उंच शिखराच्या पोटात तळघर करून सोनं ठेवलं. 1957 मध्ये चोरांनी ते फोडलं. नंतर जे हाती लागलं ते चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. रत्नजडित मुठीची तलवार, गुडघे टेकून बसलेला सोन्याचा चिमुकला हत्ती. तळघरात उतरायचा जिना अरुंद आणि जवळजवळ उभा आहे, आईला उतरवू नका. तिला संग्रहालयात न्या. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, आणि खरा ऐवज तिथेच आहे. फक्त सोमवार-मंगळवार टाळा.

तिसरं वाट फ्रा सी सान्फेत. राजवाड्याच्या आवारातलं हे देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. एका रांगेतले तीन मोठे चैत्य, ज्यांत राजांच्या अस्थी ठेवलेल्या. इथली सोन्याने मढवलेली उभी बुद्धमूर्ती आक्रमकांनी सोन्यासाठी वितळवली. आतला गाभा पुढे बँकॉक वसवणाऱ्या राजाने, पहिल्या रामाने, तिकडे नेऊन वाट फोमधल्या एका मोठ्या चैत्यात ठेवला. वाट फोला तुम्ही निजलेला बुद्ध पाहायला जालच, तेव्हा हिरव्या फरश्यांच्या त्या चैत्यापाशीही दोन मिनिटं थांबा.

आणि आता होडी. मुक्काम करा म्हणते ते हिच्यासाठीच. संध्याकाळी चारच्या सुमारास बेटाला वळसा घालणाऱ्या होड्या निघतात. गेस्टहाउसमध्ये विचारलं की ते जागा ठरवून देतात. चढताना-उतरताना एक हात धरावा लागतो, बाकी आईला सगळं बसून पाहता येतं.

पहिला थांबा बहुधा वाट फनान छोंग. हे 1324चं, म्हणजे राजधानीच्याही आधीचं. आत 19 मीटर उंच बसलेला सोनेरी बुद्ध, आणि ही मूर्ती रोजच्या पूजेतली आहे. आम्ही गेलो तेव्हा वस्त्र चढवणं चालू होतं. मांडीवर उभी असलेली माणसं खालून फेकलेले भगव्या कापडाचे गठ्ठे झेलत होती, दोरीने वर ओढून खांद्यावर पसरत होती. मग कापडाचं दुसरं टोक त्यांनी खाली बसलेल्या लोकांवर सोडलं. सगळ्यांनी ते डोक्यावर धरलं, हात जोडले. शेजारच्या एका आजींनी कापडाची कड आईच्याही डोक्यावर ओढली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आई दोन दिवस तेच सांगत होती.

शेवटचा थांबा वाट छाईवत्थनाराम, पश्चिम काठावर. हे उभारलं गेलं 1630 मध्ये, म्हणजे शिवनेरीवर महाराज जन्मले त्या वर्षी. राजा प्रासात थोंगने आपल्या आईचं घर जिथे होतं तिथे तिच्या पुण्यासाठी हे बांधलं असं सांगतात. मध्ये 35 मीटरचं शिखर, त्याभोवती लहान शिखरं, मेरू पर्वताची कल्पना. भोवतीच्या ओवऱ्यांमध्ये शिर नसलेले बुद्ध एका ओळीत बसलेले. 2011च्या महापुरात हे सगळं आवार पाण्याखाली होतं. 2018 मध्ये एक ऐतिहासिक मालिका गाजली, तेव्हापासून थाई मुली जुन्या पद्धतीचे पोशाख भाड्याने घेऊन इथे येतात. त्या रेशमी रंगांनी त्या विटा जिवंत होतात, मला फार आवडतं ते. सूर्य देवळाच्या मागे मावळतो. होडीतून पाहिलं की शिखरं आधी तांबडी, मग काळी होत जातात. टूरची बस त्या वेळी बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये असते.

जेवणाचं बघू. ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही, कारण भाजीतही माशाचा सॉस पडतो. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडं, दूध तर नसतंच, पण कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आईला निर्धास्त वाढा. आम्ही बँकॉकहून थेपले नेले होते ते एकदाच लागले. तुम्ही मासे खात असाल तर नदीतली मोठी कोळंबी निखाऱ्यावर भाजून देतात, ती सोडू नका. फोय थोंग म्हणजे सोनेरी शेवया दिसायला मोहक, पण ती पोर्तुगिजांकडून आलेली अंड्याच्या बलकाची मिठाई आहे, आईला देऊ नका.

तिने खायचं ते रोती साय माय. मुस्लिम कुटुंबांचा हा पिढीजात धंदा. बाई हातात सैल, चिकट पिठाचा गोळा धरून तो तापल्या तव्यावर नुसता टेकवते आणि उचलते. तव्यावर कागदाइतकी पातळ पोळी उरते, दोन-चार सेकंदांत कडा सुटतात, बोटांनी ओढून गठ्ठ्यावर टाकते. आत घालायला साखरेचे रेशमासारखे तंतू, हिरवे, गुलाबी. म्हणजे पोळीत गुंडाळलेला म्हातारीचा कापूसच! तरी घेण्याआधी पिठात अंडं आहे का ते विचारा, काही ठिकाणी घालतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला पुराच्या बातम्या पाहूनच निघा. एप्रिलमध्ये आईला अजिबात नेऊ नका. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, सहज निघतील अशा चपला, आणि कुठल्याही विटेवर चढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर बांग पा-इनला उतरा. तिथला राजवाडा अन् तळ्यातला मंडप सुंदर आहेच, पण आवार मोठं आहे, आई दमेल. बाहेर गाड्यांच्या तळाजवळ नदीवर एक तार ताणलेली दिसेल. तिला लटकणाऱ्या छोट्या पेटीत बसून पलीकडच्या वाट निवेतला जातात. 1878चं हे बौद्ध देऊळ बाहेरून हुबेहूब चर्च आहे, रंगीत काचा, टोकदार कमानी, आणि आत वेदीच्या जागी बुद्ध. पेटीत पायरी नाही, पाऊल टाकलं की झालं. पैसे ठरलेले नाहीत, दानपेटीत टाकायचे. सुटे नाणे आईच्या हातात आधीच देऊन ठेवा.