कंडेन्सरबरोबर ड्रायरही बदलावा का?

प्रश्न : आमच्या मोटारीच्या एसीचा कंडेन्सर गळतो आहे. तो बदलून गॅस भरला की काम झाले, असे मेकॅनिक म्हणतो. तेवढे पुरेसे आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुरेसे नाही. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या (एसीचा गरम गॅस थंड करून द्रव करणाऱ्या भागाच्या) पातळ अ‍ॅल्युमिनियम नळ्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने गंजतात, आणि गळतीतून आत शिरलेला दमटपणा रिसीव्हर-ड्रायरमधील (गॅसमधली ओल टिपणाऱ्या डबीतील) शोषक पदार्थ निकामी करतो. म्हणून ड्रायर व सांध्यांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्याच घालाव्यात. ओ-रिंगला आधी कॉम्प्रेसरचे तेल लावावे, कारण कोरडी रिंग बसवताना पिळवटते आणि तिथूनच पुन्हा गळती लागते. मग किमान ३० मिनिटे पंपाने व्हॅक्यूम ओढून (आतली हवा व ओल काढून) तो टिकतो का, म्हणजे गळती उरली नाही ना, हे पाहावे. गॅस अंदाजाने नव्हे, तर बॉनेटखालील स्टिकरवरच्या वजनाइतकाच भरावा.