अल्पाकाची कच्ची लोकर: आधी झटका, मग धुवा, आणि पीळ भरपूर द्या

तुमचा प्रश्न वाचला. हुआकाया, म्हणजे फुगीर केसांच्या जातीच्या अल्पाकाची (दक्षिण अमेरिकेतलं उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर) आख्खी फ्लीस, म्हणजे एका जनावराची एका वेळची कातरलेली सगळी लोकर, घरी आलीय, त्यातली थोडी तीनदा धुतली तरी पाणी मातकटच निघतंय, पिंजताना बारीक बारीक गाठी होतायत आणि सूत कातायला घेतलं की हातातच सरकून तुटतंय. तीन वेगळ्या अडचणी वाटतायत ना, पण मूळ एकच आहे. तुम्ही मेंढीच्या लोकरीची पद्धत अल्पाकाला लावताय. मीही सुरुवातीला तेच केलं होतं आणि पहिल्या फ्लीसचा जवळजवळ निम्मा भाग त्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन असतं, म्हणजे चिकट मेण, आणि घाण त्या मेणाला धरून बसलेली असते, म्हणून तिला कडक गरम पाणी आणि भरपूर साबण लागतो. अल्पाकाच्या अंगावर हे मेण जवळपास नसतंच. पण या जनावराला धुळीत लोळायची भारी हौस, त्यामुळे लोकरीत असते ती नुसती कोरडी माती आणि गवताच्या काड्या. आता कोरड्या मातीवर पाणी ओतलं की काय होणार, चिखल! मग तो चिखल तुम्ही तीन पाण्यांतून काढत बसणार. माती कोरडी असतानाच काढायची.

तर उरलेली लोकर अजून धुवू नका. अंगणात किंवा गच्चीवर जुनी चादर अंथरा, तिच्यावर दोन खुर्च्यांच्या मध्ये बोटभर भोकांची जाळी आडवी टाका आणि लोकर मूठ-मूठ घेऊन जाळीवर झटका. तोंडाला मास्क लावाच, ही धूळ फार बारीक असते आणि थेट छातीत जाते. झटकताना पुंजका बोटांनी हलका सैल करायचा, ओढायचा नाही. खाली चादरीवर बघा काय काय पडतं ते: पिठासारखी माती, काड्या, आणि अर्धा-पाऊण इंचाचे लोकरीचे आखूड तुकडे. कातरणी एकाच जागेवर दोनदा फिरली की हे तुकडे तयार होतात आणि तुमच्या पिंजणीतल्या गाठी बऱ्याच अंशी यांच्याच आहेत. पुढे ते कशानेच नीट निघत नाहीत, म्हणून इथेच पडू द्यायचे. माझा एका फ्लीसला आख्खा दिवस जातो झटकण्यात आणि मला तो दिवस कधी वाया गेल्यासारखा वाटत नाही, कारण नंतरचं सगळं काम त्याच्यावर अवलंबून असतं.

झटकतानाच निवडूनही घ्या. पाठीचा आणि कुशीचा भाग, ज्याला ब्लँकेट म्हणतात, तो सगळ्यात मऊ आणि एकसारखा, कातायला हाच घ्या. मान बऱ्याचदा मऊ असते पण थोडी आखूड, ती वेगळ्या पिशवीत. पाय, पोट, छाती इथली लोकर भरड असते आणि तिच्यात सरळ, ताठ, जाड गार्ड हेअर भरपूर. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाडी गेली की तंतू कातडीला टोचायला लागतो. मायक्रॉन घरी मोजता येत नाहीत पण गळ्याला लावून बघता येतं! पुंजका मानेच्या बाजूला एक मिनिट धरून ठेवा, बोटांना जे कळत नाही ते मानेला कळतं. टोचणारी लोकर टाकून देऊ नका, चटई, पायपुसणं, उशीचं भरण यांना ती छान चालते. फक्त मऊ लोकरीत मिसळू नका, कारण मूठभर भरड लोकर आख्ख्या शालीला टोचरी करते.

अजून एक तपासणी धुण्याआधीच करा. एक बट घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा, कानाजवळ न्या आणि झटक्यात ताणा. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर तंतू धडधाकट आहे. कागद फाटल्यासारखी करकर आली किंवा बट मधेच तुटली तर जनावर आजारी असताना किंवा उपासमारीत ती लोकर वाढलीय आणि तेवढ्या जागी कमकुवत आहे. तीन-चार ठिकाणच्या बटा बघा, सगळीकडे तसंच असेल तर तिच्यावर मेहनत घेऊ नका, मन घट्ट करून भरणाला ठेवा.

आता धुणं. मी खरं सांगायचं तर नीट झटकलेली ब्लँकेटची लोकर बऱ्याचदा न धुताच कातते आणि धुणं सुताच्या लड्यांचं करते. मेण नसल्यामुळे हात चिकट होत नाहीत, फक्त मांडीवर फडकं हवं कारण थोडी धूळ पडतच राहते. पण तुमची लोकर गडद तपकिरी आहे, गडद रंगात माती दिसत नाही, तेव्हा पहिल्यांदा धुऊनच घ्या. जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास सैल भरा, जास्त नाही. बादलीत हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड चमचाभर. आधी पाणी आणि साबण, मग लोकर, वरून धार सोडायची नाही. पिशवी हलकेच दाबून बुडवा आणि १५-२० मिनिटं हात लावू नका. हात लावू नका म्हणजे खरंच लावू नका, ढवळणं, चोळणं, पिळणं काही नाही. अल्पाकाचा नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत अडकून घट्ट झालेला गोळा, मेंढीपेक्षा उशिरा होतो असं म्हणतात खरं पण त्याच्या भरवशावर राहू नका, माझी गेलेली लोकर ढवळूनच गेली होती. नंतरची दोन पाणी साधारण तेवढीच गरम ठेवा, गरमातून एकदम गारात टाकू नका. शेवटचं पाणी किंचित गढूळ राहिलं तरी चालेल, उरलेली माती पिंजताना आणि कातताना पडते आणि सूत धुताना राहिलेलीही जाते. मग टॉवेलात गुंडाळून दाबा आणि जाळीवर पातळ पसरून सावलीत वाळवा. वरून कोरडी वाटली तरी आत ओल असते, म्हणून दोन दिवस जाऊ द्या.

पिंजण्याकडे येते. आधी तुमच्या बटेची लांबी मोजा. ८-१० सेंटीमीटर असेल तर हाताच्या कार्डवर (तारेच्या दातांच्या दोन पाट्या) पिंजून पेळू, म्हणजे कातायच्या सैल गुंडाळ्या, करा, मस्त होतात. १२ च्या वर असेल तर कार्डवर तंतू दुमडतात आणि दुमडला की गाठ, तुमच्या गाठींचं हे दुसरं कारण असू शकतं. लांब लोकर विंचरायची. खास फणी नसेल तर एकेक बट मधे घट्ट धरून आधी एक टोक मग दुसरं टोक, कुत्र्याच्या केसांचा तारेचा ब्रश मिळतो ना, त्याने हलकं उघडा. वेळ जातो पण बट अशी उघडते की धूर हातात धरल्यासारखं वाटतं. कार्डवर एका वेळी थोडीच लोकर घ्या, दात खोल घुसवू नका, नुसते टेकवून न्या. कोरड्या हवेत स्टॅटिकने तंतू उडायला लागले तर पाण्यात दोन-चार थेंब तेल घालून बाटली हलवून फवारा मारा आणि लोकर तासभर झाकून ठेवा.

आणि आता मुख्य गोष्ट, सूत का सुटतंय. मेंढीच्या तंतूवर खवले उठावदार असतात आणि कुरळेपणाही जास्त, त्यामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात. अल्पाकाचे खवले चपटे, तंतू गुळगुळीत, त्यांना धरून ठेवतो तो फक्त पीळ. तुम्हाला सवयीने जितका पुरेसा वाटतो त्याच्यापेक्षा जास्तच द्यायचा. पेरू, बोलिव्हियाकडचं हातमागाचं पारंपरिक सूत बघा, किती कडक पिळाचं असतं! चरख्यावर कातत असाल तर सगळ्यात लहान पुली लावा, तिने पीळ जास्त पडतो, आणि बॉबिनची (सूत गुंडाळलं जातं ते रीळ) ओढ इतकी कमी करा की सूत हातातून हिसकलं न जाता आपणहून आत जाईल. निम्मी तुटातूट ओढ कमी केल्यावरच थांबते. टकळी असेल तर हलकी घ्या, २०-२५ ग्रॅमची, जड टकळी पीळ बसायच्या आत तंतू सरकवते.

हाताचं म्हणाल तर पुंजका तर्जनीवर दुमडून घ्या आणि दुमडीच्या मधून तंतू काढा. लोकर धरलेला हात मागे सैल, पुढच्या हाताची चिमूट पिळाच्या तोंडाशी. थोडं ओढा, चिमूट मागे सरकवा, पीळ तिच्या मागोमाग येतो आणि गुळगुळीत तंतू एकदम जवळ येऊन सूत गोल होतं, ते डोळ्यांना दिसतं. पिळाला चिमटीच्या पलीकडे पुंजक्यात जाऊ द्यायचं नाही. दर थोड्या वेळाने हातभर सूत सैल सोडून स्वतःवरच दुमडू द्या, दुपदरी झालेला तो तुकडा ओढून बघा, सरकला तर पीळ कमी आहे. पेळूमधून लांब हात मागे नेत झरझर कातलेलं सूत फुगीर होतं पण फार केसाळ येतं आणि लवकर झिजतं, म्हणून सुरुवातीला तो मोह नको.

एकपदरी सूत एक रात्र बॉबिनवर राहू द्या, मग दोन किंवा तीन पदर एकत्र करा, तिथेही पीळ थोडा सढळ हाताने. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास, मग खळबळून, टॉवेलात दाबून, दोन्ही हातांत धरून चार-पाचदा जोरात झटका द्या आणि वाळत घाला. लडीला खाली वजन लावू नका. अल्पाकाला मुळातच लवचिकपणा कमी, वजनाने जो आहे तोही जातो. धुतल्यावर सूत फुलतं, कातताना दोरीसारखं वाटलेलं सूत वाळल्यावर इतकं मऊ होतं की घरातले सगळे हात लावून जातात.

विणायचं काय हे तुम्ही विचारलं नाहीत पण आत्ताच ठरवा, कारण मिसळायचं असेल तर पिंजतानाच मिसळावं लागतं. निव्वळ अल्पाकाचा स्वेटर जड होतो आणि स्वतःच्या वजनानेच खाली ओघळतो, बाह्यांची आणि कमरेची रिब, म्हणजे आवळून बसणारी पट्टी, पुन्हा आवळून येत नाही. स्वेटर करायचा असेल तर २०-३० टक्के मेंढीची कुरळी बारीक लोकर घाला. शाल, स्कार्फ असेल तर काहीच मिसळू नका, तिथे हे ओघळणंच सुंदर दिसतं.

जी लोकर तुम्ही तीनदा धुतलीय ती नीट वाळली असेल तर जाळीवर पुन्हा झटकून बघा, बरीच माती अजूनही पडेल. त्यातली एक बट नुसती ब्रशने उघडून, लहान पुलीवर, कमी ओढीने कातून बघा आणि ते सूत सरकतंय की धरतंय ते इथे लिहा. बटेची लांबीही लिहा, म्हणजे कार्ड की फणी ते सांगता येईल.